साळूबाईची झोप

लढाईची वर्षं होती. पारनेरच्या बाजारात साळूबाई भाजी विकायला बसायची आणि बसल्याबसल्या घोरायची. गिऱ्हाइकं एका जुडीच्या पैशात दोन उचलत. गिदोन डॉक्टरही मेथी घेतली की मूठभर कोथिंबीर न विचारता पिशवीत टाकत. सगळं गाव फुकटचं खात होतं, तिथे डॉक्टरांनीच का मागे राहावं?

शेवटी मुलगा आसाराम तिला दवाखान्यात घेऊन आला. "म्होरल्या बाजारापासनं सून बसंल हिच्या जागंवर," त्याने निक्षून सांगितलं. साळूबाईला रडू आलं. गुडघे कित्येक वर्षं ठणकत होते, पण बाजारातली जागा तिने कधी सोडली नव्हती.

"गुडघे अजून दुखतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय."

डॉक्टरांनी सवयीप्रमाणे कंपाउंडरला मिक्श्चर आणखी कडक करायला सांगितलं. दुखतंय म्हटलं की औषध वाढवायचं, हा त्यांचा खाक्या. तेवढ्यात बाई बाकावरच घोरू लागली. आता मात्र डॉक्टर चपापले.

"साळूबाई, आणखी कोणाचं औषध चालू आहे?" हे त्यांनी आजवर विचारलंच नव्हतं.

तिने कमरेची पुरचुंडी सोडली. नृसिंहशास्त्री वैद्यांच्या काळ्या गोळ्या, भिंगारच्या लष्करी छावणीतून भाच्याने आणलेल्या पांढऱ्या गोळ्या. डॉक्टरांनी काळी गोळी हुंगली. अफू. त्यांच्या मिक्श्चरमध्येही अफूच होती.

"हे सगळं एकदम घेता?"

"मंग? एकाचं घ्यायचं आन दुसऱ्याचं न्हाई, तर त्येला वाईट वाटंल. वैदबुवा वाटंत इचारत्यात. तुमी बी इचारता. भाचा तर घरातलाच."

डॉक्टर स्वतः वैद्यांकडे गेले. दोघांची चांगलीच जुंपली. अखेर ठरलं, चोळायला तेल वैद्यांचं, मिक्श्चर डॉक्टरांचं, तेही हळूहळू कमी करायचं, आणि गोळ्या सगळ्या बंद. भाच्याला वाईट वाटू नये म्हणून साळूबाईने पेरू पाठवले. आसारामकडून डॉक्टरांनी महिन्याची मुदत मागून घेतली.

महिन्याने डॉक्टर बाजारात आले, तेव्हा आसाराम बायकोला घेऊन तिथेच उभा होता.

"गुडघे काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुखत्यात की. पर जरा कमी. आन डोळं उघडं हायेत."

डॉक्टर खूष झाले. त्यांनी मेथी घेतली, पैसे दिले आणि हात आपसूक कोथिंबिरीकडे गेला.

"डाक्तर," साळूबाई म्हणाली, "ती खाली ठिवा."

डॉक्टरांनी ठेवली.

"चल घरी," आसाराम बायकोला म्हणाला. "आपलं हितं काय काम न्हाई."