पिंपळ अंगावर घेतलेली भिंत

भाईंदर पूर्वेच्या दाटीवाटीच्या इमारतींमागे मोटार कारखान्याची एक काळवंडलेली भिंत उभी आहे. मित्रांनो, ती मी. छप्पर भंगारात गेलं, यंत्रं गेली. आता मी आणि हे चार गंजके खांब, एवढाच काय तो कारखाना.

एके काळी माझ्या सावलीत गाड्या जुळत. सांगाड्यावर इंजिन उतरे, दारं बसत. दत्ताराम फिटर प्रत्येक दार दोनदा लावून कान देई. जरा खडखडलं, की गाडी मागे! खंडेनवमीला पान्यांना हळदकुंकू लागे, मलाही झेंडूची माळ चढे. फार मान होता हो.

मग कारखाना बंद पडला. दत्तारामाने मला टेकूनच घर बांधलं. तो देवाघरी गेला त्या वर्षी माझ्या फटीत पिंपळाचं रोप उगवलं. "हेच आले," असं म्हणून त्याची बायको अनसूयाबाई हात जोडून उभी राहिली. तेव्हापासून पंधरा वर्षं तिचा नेम आहे. पिंपळाला तांब्याभर पाणी घातल्याशिवाय चहाचा घोट नाही.

ते पाणी पिऊन मुळं माझ्या पोटात शिरली. परवा सून रुचिता भांडी घासताना थबकली.

"आई, भिंतीला पोट आलंय बघा. माझी समिधा हिच्याच कडेला झोपते."

"मग काय पिंपळ तोडू? पाप लागेल गं."

"निदान पाणी तरी बंद करा!"

"तुझ्या सासऱ्यांना तहानलेलं ठेवू?"

"ते असते ना, तर त्यांनीच मुळं उपटली असती. खडखडणारं दार चालायचं नाही त्यांना!"

त्याच दुपारी माझ्या पाच विटा निसटल्या आणि पत्रा फोडून नातीच्या उशीवर पडल्या. समिधा शाळेत होती, म्हणून वाचली.

अनसूयाबाईने विटा एकेक करून उचलल्या. दुसऱ्या दिवशी तांब्या तसाच ठेवून ती पालिकेत गेली. "भिंत पाडा," एवढंच म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

उद्या माणसं येतील. मला तिचा राग नाही. इतक्या मायेने मला कुणीच विचारलं नव्हतं. पण मित्रांनो, ज्याला जपता त्याच्या अंगावरून कधी हात फिरवून बघा, कुठे चिरतंय ते. रोप बोटाएवढं होतं, तेव्हाच काढून अंगणात लावलं असतं, तर आम्ही दोघंही जगलो असतो.