विमलाबाईच्या हद्दीचा दगड

मी हद्दीचा दगड बोलतोय. हो, तोच, चंद्रशेखर नगरच्या गेटाशी संगमरवरी ओट्यावर बसवलेला. येणारे-जाणारे मला हात जोडतात. अहो, हात कसले जोडता! आधी माझी कर्मकहाणी ऐका.

जन्म माझा वैनगंगेच्या काठचा. चाळीस वर्षांपूर्वी प्रेमलाल आणि त्याचा शेजारी खेमराज या दोघांनी मला बैलबंडीत घालून आणलं आणि वारासिवनी रोडजवळच्या आपल्या दोन धानशेतांच्या मधे गाडलं. माझ्यावर हात ठेवून दोघांनी शपथ घेतली. त्यानंतर बांधावरून कधी तू-तू मैं-मैं झाली नाही. पुढे प्रेमलाल गेला, तरी त्याची बायको विमलाबाई दर अक्षय तृतीयेला मला शेंदूर लावायची, नारळ फोडायची. खोटं कशाला सांगू, मला त्याचा गर्व होता.

मग शहर सरकत आलं. बालाघाटात जमिनीच्या धंद्यात चंद्रशेखर शेठचं नाव मोठं. बस स्टँडजवळचं लॉज त्याचं, गोंदिया रोडवरचा लग्नाचा लॉन त्याचा, तीन कॉलन्या त्याच्या. खेमराजनं त्याला शेत विकलं. पण कॉलनीला तीस फुटी रस्ता हवा होता, आणि रोडला लागलेली तेवढी पट्टी विमलाबाईची. ती काही केल्या विकेना. विकणार कशी? तिच्या शेतात शिरायची वाट तेवढीच.

चैत्रात ती लेकीच्या, नूतनच्या, बाळंतपणाला लालबर्ऱ्याला गेली. इकडे जेसीबी आला. बांध पाडले, मुरूम पसरला आणि मला उपटून तिच्या शेतात तीस फूट आत गाडलं. भरदिवसा! खेमराज पानठेल्यावरून बघत होता.

विमलाबाई परतली ती अक्षय तृतीयेलाच. बांध नाही, खूण नाही, सगळं सपाट. बिचारी भांबावली. मग मी दिसलो आणि तिचा जीव भांड्यात पडला.

“माहा देव तं जागेवर हाय,” म्हणाली, आणि मला शेंदूर लावला. शेठच्या माणसानं मोबाईलवर सगळं शूट करून घेतलं.

आठवड्यानं मोजणी झाली. टेप माझ्यापासून धरला, तेव्हा कुठं बाईच्या डोक्यात प्रकाश पडला.

“दगड सरकवला यायनं! माही वाट गेली!”

“काकी, पूजा तर तुम्हीच केली ना? हा बघा व्हिडिओ.” शेठ किती नम्र!

“हौ, केली. मले का मालूम?” ती खेमराजकडे वळली. “भाऊजी, तुमी अन् ह्यायनंच तं गाडला होता. सांगा ना!”

कॉलनीतला कोपऱ्याचा प्लॉट खेमराजच्या नावे झाला होता. तो चपलेनं मुरूम उकरत म्हणाला, “इतके साल झाले, भाभी. आता का याद राहीन?”

नकाशा कोण काढतो! बाईनंच दगड मान्य केला होता. पंचांनी सह्या ठोकल्या.

वाट गेल्यावर बाईला शेत कसता येईना, विकायची पाळी आली. पण वाट नसलेलं शेत घेणार कोण? शेठनंच घेतलं, मातीमोल भावानं. मग मला इथं आणून बसवलं. देवस्थान असलं की प्लॉटला गिऱ्हाईक वाढतं म्हणे.

विमलाबाई आता याच कॉलनीत तीन घरी धुणीभांडी करते. माझ्यासमोरून जाताना मान वळवते. बाई गं, मी देव नव्हतो. पण त्या दिवशी तुझ्यासमोर फुटून दोन तुकडेही होता आलं नाही मला, ही लाज कुठं ठेवू? एकदा तरी थांब. थुंक माझ्यावर, पण माझ्याकडे बघ.