बबनरावांच्या स्क्रीनवरच्या चिकटपट्ट्या

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी चाकणमधल्या एका ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, डिस्पॅचच्या टेबलावर कॉम्प्युटरची नवी सिस्टीम सुरू झाली. आठ पंचवीसला पहिला ट्रक गेटवर अडकला.

सिस्टीम अजून बाजारात आली नव्हती. बनवणाऱ्यांनी चाचणीसाठी खुली केलेली बीटा आवृत्ती होती ती. कंपनीतले बेचाळीस कॉम्प्युटर दिवाळीनंतर तिच्यावर न्यायचे की नाही, याचा लेखी अभिप्राय आयटीतल्या स्वरूपाने दुपारी दोनपर्यंत द्यायचा होता. आठवडाभर तिने ती पिंपळे गुरवच्या घरी स्वतःच्या लॅपटॉपवर वापरली होती आणि पहिल्या दोन दिवसांतच तिला ती आवडून गेली होती. बटणांची गर्दी गेली होती. ज्या कामाला बसावं त्याचीच बटणं पुढे येत, बाकीची मुकाट बाजूला होत. खालची पट्टी डावा कोपरा सोडून मधोमध आली होती. काल विंडो जिथे ठेवली, आज तिथेच उघडे. अक्षरं कितीही मोठी केली तरी ओळी एकमेकींवर चढत नव्हत्या, मराठी जोडाक्षरंसुद्धा फुटत नव्हती. खोट एकच सापडली होती. मेनूची पाटी काचेसारखी आरपार होती, त्यामुळे मागचे आकडे पुढच्या अक्षरांत मिसळत. तेही तिने वहीत तारखेनिशी टिपून ठेवलं होतं.

डिस्पॅचच्या टेबलाशी बबनराव बसत. चऱ्होलीचे, कंपनीत बावीस वर्षं, या खुर्चीवर नऊ. निवृत्तीला आठ महिने उरलेले. त्यांच्या स्क्रीनच्या चौकटीवर रंगीत चिकटपट्ट्यांचे चार तुकडे होते. मशीन शॉपमध्ये दाब दाखवणाऱ्या प्रेशर गेजच्या काचेवर हिरव्या-लाल पट्ट्या लावतात, काटा कुठे असावा ते लांबूनही कळावं म्हणून, तसेच. हिरव्या तुकड्यासमोर मालासोबत जाणारं चलान उघडायचं, लाल तुकड्यासमोर प्रिंट. बाण पट्टीच्या रेषेत न्यायचा आणि दाबायचं.

आज लाल तुकड्यासमोर प्रिंटचं बटण नव्हतं. तिथे विंडो बंद करायची खूण आली होती. बबनरावांनी तीनदा चलान भरलं आणि तिन्ही वेळा प्रिंट समजून बंद केलं.

खिडकीत ट्रकवाल्या सनीचं डोकं आलं. "काय राव काका, चलान काढताय का लग्नाची पत्रिका छापताय?"

"थांब की जरा! तुझं चाक काय पळून चाललंय व्हय?"

तेवढ्यात डिस्पॅचचे मॅनेजर नवनाथ साहेब आले. त्यांनी गेटवरचा ट्रक पाहिला, घड्याळ पाहिलं आणि सगळ्यांदेखत स्वरूपाला म्हणाले, "दोनपर्यंत रिपोर्ट दे. बबनरावांना जमत नसेल तर तसं स्पष्ट लिही. ते गेटच्या रजिस्टरवर उभे राहतील, इथे दुसरा बसवू."

स्वरूपाने चलान स्वतः काढून ट्रक सोडला आणि बबनरावांशेजारी खुर्ची ओढली.

"काका, पट्ट्या काढू या. नव्या जागी लावून देते."

"ऱ्हाऊ द्या मॅडम."

तिने तरी हिरवा तुकडा सोलला. बाण स्क्रीनभर भटकायला लागला. तिला शंका आली. समोर एक सूचना आली होती: बदल जतन करायचे का?

"काका, ही ओळ वाचा बरं."

"चलान क्रमांक टाका," बबनराव ठसक्यात म्हणाले.

स्वरूपाने हळू आवाजात विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्सं झाली." त्यांनी दाराकडे पाहिलं. "डाव्या डोळ्यात धूर हाय नुसता. उजवा निम्मा चालतो. डॉक्टर म्हणले, आता हाय तेवढंच जपा."

"आणि आकडे?"

त्यांनी खिशातून छोटं भिंग काढून दाखवलं. "परिंट निघाली की ह्यानं तपासतो. दोन वर्सांत एक चलान चुकलं न्हाई. साहेबांना सांगू नगा, पोरी."

मॅडमची पोरी कधी झाली ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. स्वरूपाला आठवलं, नव्या सिस्टीममध्ये एक सोय होती. एक कळ दाबून धरली की बाणाखालचा भाग गोल होऊन वर उठे, चौपट मोठा, आणि बाकी स्क्रीन जागच्या जागी राही. घरी तिने ती एकदा बघून 'शोभेची' असा शेरा मारला होता. आता तिने ती चालू केली आणि त्यांचं बोट कळीवर ठेवलं.

बबनराव पुढे वाकले. "आयला! भिंगच हाय की ह्यात!"

त्यांनी मघाची ओळ वाचली. पुढची वाचली. मग मेनूतली सगळी नावं, कामाची असोत नसोत, पहिलीतल्या मुलासारखी मोठ्याने. पुढची सहा चलानं अकरा मिनिटांत निघाली. स्वरूपाने घड्याळ लावून मोजलं होतं. उरलेले तुकडे बबनरावांनी स्वतःच सोलले, त्यातला लाल मात्र कात्रीने बारीक कापून त्या कळीवर चिकटवला.

पावणेदोनला ती रिपोर्टसमोर अडली. डोळ्यांचं लिहिलं तर खुर्ची जाण्याची भीती होती. न लिहिलं तर सकाळच्या चुकीचा दोष चांगल्या सिस्टीमवर येणार होता, आणि भिंगाचं मोलही कोणाला कळणार नव्हतं. अर्धवट लिहायची तिला सवय नव्हती. ती टेबलाशी गेली आणि सगळं बबनरावांना सांगितलं.

त्यांनी कळीवरच्या लाल पट्टीवर अंगठा फिरवला. "लिहा," ते म्हणाले. "पर सहा चलानं बी त्याच ओळीत लिहा. खालच्या ओळीत न्हाई."

तिने एकाच वाक्यात दोन्ही लिहिलं, शेवटी 'सिस्टीम घ्यावी' असा अभिप्राय दिला आणि एक अठ्ठावन्नला पाठवलं. चार वीसला नवनाथ साहेबांचं उत्तर आलं: वाचलं. बोलू.

पाच चाळीसला बीटाची पुढची आवृत्ती आली. बदलांची यादी एकतीस कलमांची होती. मेनूची आरपार पाटी आता गडद केली होती; स्वरूपाला बरं वाटलं. एकोणिसावं कलम असं होतं: बाणाखालचं भिंग तूर्त काढलं आहे, ते परत आणावं का याबद्दल मतं कळवा. अपडेट चोवीस तासांनी आपोआप बसणार होतं. पुढे ढकलायचं बटण तिने शोधलं. सापडलं नाही. पाच बावन्नला तिने आपलं मत पाठवलं, सोबत सहा चलानांची वेळही जोडली.

बुधवारी सकाळी आठपर्यंत बनवणाऱ्यांकडून उत्तर आलं नव्हतं आणि नवनाथ साहेबांनीही बोलावलं नव्हतं. बबनराव टेबलाशी होते. स्क्रीनच्या कोपऱ्यात अपडेटला नऊ तास चाळीस मिनिटं उरल्याचं दिसत होतं. लाल पट्टीची कळ दाबून धरून ते त्यांनी स्क्रीनवरच्या भिंगातून स्वतः वाचलं.