उसनं छप्पर

माझी धाकटी जाऊ हल्ली माझ्या दारावरून जाताना मुद्दाम थांबते आणि मान वर करून आपल्या छपराकडे बघते. बघायला काय आहे तिथे? पत्रेच ते. हिरवे पत्रे. पण बाईसाहेब पदर सावरतात, डोळ्यांवर हात धरतात आणि अशा बघतात, जसं काही वर मोतीच जडवलेत. मग माझ्याकडे वळून म्हणतात, "ताई, ऊन पडलं की फार चकाकतात हो!"

मी म्हणते, "डोळे जप तुझे."

आमची दोघींची घरं एका भिंतीची. दोघा भावांनी मिळून बांधली, एकाच गवंड्याकडून. विमासुद्धा एकाच दिवशी उतरवला. माझ्या नवऱ्याने धाकट्याला हात धरून नेलं म्हणून, नाहीतर त्या भोळ्याला कुठलं सुचायला! आता दोघेही भाऊ राहिले नाहीत. आम्ही दोघी आहोत आणि मधली भिंत आहे. वादळ आलं ते काही माणूस बघून आलं नाही. माझ्या माडीचे पत्रे गेले, तसे तिच्याही माडीचे गेले. तरी तिचं छप्पर महिन्याभरात चढलं आणि माझ्या माडीवर निळं प्लास्टिक फडफडत राहिलं. सून म्हणते, तुमच्या पोटात दुखतंय. दुखतंच! मी नाही कुठे म्हटलं?

झालं ते सांगते.

माडीवर मुलगा, सून आणि नात ठमी राहायची. वादळात सगळी खाली माझ्याकडे आली म्हणून वाचली. सकाळी वर जाऊन बघतो तर डोक्यावर आभाळ. काही पत्रे दुमडून पलंगावर पडलेले, गादी पाणी पिऊन टम्म फुगलेली, लाकडी कपाटाचं दार बिजागरीतून निखळलेलं. मुलगा वीजमंडळात तारा जोडायच्या कामावर आहे. त्याला लगेच बोलावणं आलं, कारण सगळीकडेच खांब पडलेले. निघताना म्हणाला, "आई, कशाला हात लावू नकोस. कंपनीचा माणूस येऊन बघून जाऊ दे, मग आवरू." सून ठमीला घेऊन माहेरी गेली. घरात मी एकटी.

हात लावू नकोस म्हणे! परका माणूस घरात येणार आणि मी त्याला चिखल दाखवू? मी तिसरीपर्यंतच शिकले, पण तपासणी म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक आहे. शाळेत साहेब यायचे म्हटलं की बाई आमच्याकडून फरशी घासून घ्यायच्या, मोडकी बाकं मागच्या खोलीत कोंडायच्या आणि दोन मळकट पोरांना घरी पाठवायच्या. साहेब खूश होऊन गेले की शाळेला पैसे यायचे. कंपनी काय वेगळी असणार? ज्या बाईला आपलं घर सांभाळता येत नाही, तिच्या हातात कोण पैसा देईल?

लागले कामाला. मोडके पत्रे, गादी, दार, सगळं ओढत खाली आणलं आणि मागच्या बोळात टाकलं. भिंतीवरच्या ओघळांवर चुना फिरवला. फरशी अशी घासली की पाय घसरावा. राहिलं काय, तर वरचं आभाळ. उघड्याबोडक्या डोक्याचं घर मी कुणालाही दाखवणार नाही. कोपऱ्यावरच्या सुताराला हाक मारली.

"तुझ्या दुकानामागे जुने पत्रे पडलेत ना, ते थोडे दिवस उसने दे."

"मावशी, उसनी साखर मागतात, पत्रे नाही."

"साखरेने छप्पर झाकता येतं का? चढ वर."

चढला बापडा. वरून म्हणाला, "मावशी, हे गळतील हं."

"पाऊस आला तर गळतील ना? साहेब येणार आहेत, पाऊस नाही."

साहेब आले. फरशी बघून चपला दारातच काढल्या. मी मनात म्हटलं, झालं, पहिला नंबर आपला. मला आजी म्हणाले, तेही मी सोडून दिलं. त्यांना वर नेलं. त्यांनी भिंती बघितल्या, छत बघितलं, पुन्हा भिंती बघितल्या.

"आजी, नुकसान कुठे झालंय?"

"आमच्या घराला काय होतंय? पक्कं काम आहे."

"म्हणजे झालंच नाही?"

"झालं होतं हो थोडंफार. पण आम्ही पसारा मांडून बसणाऱ्यातले नाही."

"मोडलेलं सामान असेल ना?"

"टाकलं. कचरा काय कुणी पेटीत जपून ठेवतं?"

त्यांनी लिहून घेतलं. मी चांगल्या कपात चहा दिला. जाताना म्हणाले, "घर मात्र फार छान ठेवलंय." माझी छाती एवढी फुगली!

तिथून ते धाकटीकडे गेले. मी भिंतीपाशी काही ऐकायला उभी नव्हते, मी भिंत पुसत होते. धाकटीने वादळ गेल्यापासून घरातलं एक पान हलवलं नव्हतं. झाडाची फांदी खिडकी फोडून थेट खोलीत आली होती, तर ही बया तिच्यावर ओले कपडे वाळत घालत होती. शेगडीवर छत्री बांधून त्याखाली स्वयंपाक. साहेब आत शिरले तसा धप्पकन आवाज झाला.

"अगंबाई, पडलात का? बसा ना साहेब."

"कुठे बसू?"

"ती फांदी जरा सरकवा. टॉवेल ओला आहे, बघून हं."

मी तोंडाला पदर लावून हसले. म्हटलं, गेली ही. आता आयुष्यभर छत्रीखाली चहा कर म्हणावं.

पुढचं काय सांगू! तिचा क्लेम पास झाला. मला कागद आला, "नुकसान आढळले नाही." सुतार आपले पत्रे काढून घेऊन गेला. मुलगा कामावरून परतला, त्याने कागद वाचला, मग वर जाऊन आभाळ बघून आला आणि पायरीवर बसला.

"आई, तू वादळच झाडून टाकलंस गं!"

"मग काय साहेबांसमोर आब घालवायचा?"

"साहेब आब बघायला नव्हते आले. मोडतोड बघायला आले होते. जितकी मोडतोड तितके पैसे."

असली उरफाटी तपासणी मी जन्मात ऐकली नव्हती. ते मला कुणी आधी का सांगितलं नाही? त्याने पुन्हा अर्ज केला. कंपनी म्हणाली, मोडलेलं सामान दाखवा. मागच्या बोळात जाऊन बघतो तर बोळ रिकामा. कचऱ्याची गाडी घेऊन गेली असणार, आणखी काय!

सून ठमीला घेऊन माहेरून परतली. मग भिंतीपलीकडे ठोकाठोक सुरू झाली. ठोकत होते तिच्या छपरावर आणि आवाज येत होता माझ्या डोक्यात. हिरवे पत्रे चढले. आणि धाकटी दारात येऊन माझ्या मुलाला म्हणाली, "माझी लेक सासरी गेल्यापासून माडी रिकामीच आहे. या की राहायला. आपलंच आहे."

आणि गेले! माझा मुलगा, माझी सून, माझी ठमी. मी म्हटलं, खाली राहा माझ्याजवळ. सून म्हणाली, "आई, खालच्या एका खोलीत चौघं कशी मावणार?" खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

छपराचं दुःख मी गिळलं असतं. पण संध्याकाळी पलीकडून हसणं ऐकू यायचं, ते कसं गिळू? माझ्या घरात सून कामापुरतं बोलते. हो आई, नाही आई, ठेवलं आई. तिथे तीच सून खदाखदा हसत होती. काय एवढं हसायचं? मुलगा, जो माझ्याकडे जेवला की पाठ टेकतो, तो तिथे पत्ते खेळत होता. आणि ठमी! ती सकाळी माझ्याकडे यायची तर केसांत गवताची काडी, फ्रॉकवर शाईचे डाग.

"हे काय गं?"

"धाकट्या आजीकडे पलंगावर उड्या मारल्या तरी चालतं."

"आणि पडलीस म्हणजे?"

"मग ती पण पडते."

साठीची बाई पलंगावर उड्या मारते! मी ठमीचे केस विंचरले, फ्रॉक बदलला, समोर दूध ठेवलं. ती पेला रिकामा करून उठली आणि म्हणाली, "आता जाऊ?" जाऊ म्हणे! मी तो पेला दोनदा घासला.

एकदा धाकटी माझ्या दाराशी आली. "ताई, जरा बोलायचं होतं, ते मागच्या बोळातलं—"

"तुझ्या पत्र्यांचं कौतुक असेल तर उद्या सांग," म्हटलं आणि दार लावलं.

मुलगा एक दिवस सहज बोलावं तसं बोलून गेला, "कंपनीने परत नाहीच म्हटलं तर आम्ही काकूकडेच राहू. तिला काही अडचण नाही." तिला अडचण नाही! तिला कशाची अडचण असणार? आयती माणसं मिळाली.

त्या दुपारी मी माडीवर कपडे वाळत घालायला गेले. मी कुणाच्या परसात डोकावत नाही, पण मागच्या सज्जाची भिंत बुटकी आहे, नजर आपोआप खाली जाते. वारा होता. धाकटीच्या परसात एका ढिगावरची ताडपत्री उडाली आणि खाली मला काय दिसलं? माझ्या कपाटाचं दार! ठमीने त्यावर चांदण्यांची चित्रं चिकटवली होती, ती चमकत होती. त्याखाली माझी गादी. बाजूला माझे पत्रे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळं लख्ख कळलं. म्हणून हिला एवढं मिळालं! माझी मोडतोड आपली म्हणून दाखवली आणि माझ्या जिवावर हिरवे पत्रे चढवले. वर माझीच माणसं त्याखाली नेऊन बसवली.

मी तडक साहेबांना फोन लावला. म्हटलं, "या. चोरी दाखवते."

साहेब आले. सुट्टी होती म्हणून मुलगा घरी होता, तोही धावत आला. धाकटी परसात शेंगा सोलत बसली होती. उठलीसुद्धा नाही.

मी ताडपत्री ओढून काढली. "बघा! हे दार कुणाचं? माझं. ह्या चांदण्या माझ्या नातीच्या. ही गादी माझी, खोळ मी स्वतः शिवलीय, टाके बघा. आणि हे पत्रे माझ्या माडीचे. आतून हा पिवळा रंग माझ्या नवऱ्याने दिलेला. तिच्या पत्र्यांना कधी रंग लागलाय?"

"आई, जरा थांब," मुलगा म्हणाला.

"का थांबू? हे सगळं तुझ्या काकूने आपलं म्हणून दाखवलं!"

साहेबांनी फाइल चाळली. "नाही हो, आजी. यांच्या क्लेममध्ये यातलं काहीच नाही. यांचं सामान मी घरातच बघितलं. त्यात मी पडलोसुद्धा."

धाकटीने आणखी एक शेंग मोडली.

"हे सगळं वादळातच मोडलं?" साहेबांनी विचारलं.

"मग मी काय मोडायला बसले होते?"

"तुमच्या माडीवरचंच?"

"किती वेळा सांगू? माझंच! तुकडा न् तुकडा माझा!"

साहेबांनी फोटो काढायला सुरुवात केली. दार, गादी, पत्र्यांचा पिवळा रंग. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. हसत होता कारटा.

"आजी, हेच पहिल्या दिवशी दाखवलं असतंत तर! आता केस पुन्हा उघडता येईल. चला, माडी बघू."

मी धाकटीकडे बघितलं. "तू हे कशाला उचलून आणलंस?"

"माझ्याच्याने टाकवत नाही हो काही, ताई. कचरेवाला उचलायला आला होता, त्याच्याशी भांडले. म्हटलं, जाऊबाईंना लागेल. सांगायला आले तर तुम्ही दार लावलंत." आणि शेंगांची परात माझ्याकडे सरकवली. "बसा. सोला दोन."

मी बसले नाही. साहेबांच्या आधी माडीवर पोचायचं होतं, तिथे झाडलेलं नव्हतं. जिन्यात मुलाने माझ्या हातातला झाडू काढून घेतला.

क्लेम पास झाला. मी लाल पत्रे घातले. हिरव्यापेक्षा लाल लांबून दिसतो. पलंग, कपाट, सगळं परत आलं. सून भांडी घेऊन आली, मुलगा गादी डोक्यावर घेऊन आला. ठमी येईना. धाकटीच्या कमरेला मिठी मारून तिच्या पायरीवर उभी राहिली आणि असा गळा काढला की सुतार दुकानातून बाहेर आला. धाकटी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि स्वतःचे डोळे पदराने टिपत होती. मी माझ्या दारात उभी होते, घासलेल्या उंबऱ्यावर, आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

शेवटी मीच उतरले. तिच्या दाराशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलले, "हे बघ धाकटे, घर आवरणं तुला या जन्मी जमायचं नाही. उकिरडा आहे तो आणि उकिरडाच राहणार. पण माणसं तुझ्याकडे सुखाने बसतात, ते मी बघितलंय, आंधळी नाही मी. ठमी रोज संध्याकाळी तुझ्याकडे येईल. झोपायला मात्र माझ्याच छपराखाली. आणि पलंगावर उड्या मारायच्या असतील तर माझ्याकडे येऊन मार तूसुद्धा, तुझ्या त्या पलंगाचा पाय मोडका आहे."