चढावरची खडी

डायलिसिसच्या गाडीचा ड्रायव्हर एरवी बाबांना हाताला धरून पायरी चढवायचा आणि लगेच निघायचा. त्या दिवशी निघाला नाही. आधी वाकून गाडीखाली बघितलं, मग बाबांच्या धाकट्या मुलाला बोटानं बोलावलं.

"ये, बघ. पोट खरवडून निघालंय गाडीचं. मी अजून किती दिवस झाकून ठेवू?"

"भरतोय ना मी खड्डे," धाकटा म्हणाला.

"भरतोस रे, मी कुठं नाही म्हणतोय. पण आता डायलिसिस सेंटरच्या मॅडमच्या कानावर गेलंय. परवा त्या स्वतः गाडीत बसून येणार, रस्ता बघायला. त्या नाही म्हणाल्या की संपलं. गाडी खाली डांबरी रस्त्यावर थांबणार, पेशंटनं तिथं यायचं."

डांबरी रस्त्यापासून घरापर्यंतची ही वाट म्हणजे काय गंमत नाही. फाटकातून आत आलं की झाडांमधून लांबच लांब खडीचा रस्ता, मग एक वळण, वळणावर उभा चढ, आणि मग घर. सुया काढून आल्यावर बाबांना पलंगापर्यंत जातानासुद्धा भिंत धरावी लागायची. ते कुठले खाली चालत जातायत आणि वर येतायत!

मग उरली ताई. ताईचा फ्लॅट सेंटरच्या समोरच. तिनं एक खोली रिकामी करून ठेवली होती आणि दर फोनला विचारायची, कधी आणतोस? तिचं चुकत नव्हतं. पण ऑपरेशननंतर बाबा थोडे दिवस तिच्याकडे राहिले होते, ते धाकट्यानं पाहिलं होतं. खुर्चीत बसायचे, समोरच्या भिंतीकडे बघायचे. जेवलात का विचारलं तर मान. झोप लागली का विचारलं तरी मान. घरी आणलं त्या दिवशी गाडीतून उतरल्या उतरल्या ते ओरडले होते, "अरे, त्या फाटकाला तेल कोण घालणार?" धाकट्याला तेव्हा रडूच फुटलं होतं.

म्हणजे परवा जर मॅडम नाही म्हणाल्या, तर बाबा पुन्हा त्या खुर्चीत. या वेळी कायमचे.

रस्ता खराब का होता, तर त्याचं कारण घरातच होतं. बाबांचा नियम होता, रिकाम्या हातानं फाटकाकडे जायचं नाही. दाराशी ओढ्यातल्या गोट्यांनी भरलेली बादली असायची. जाताना ती उचलायची, दिसेल त्या खड्ड्यात ओतायची. दूधवाल्यानं ओतलीय, पोस्टमननं ओतलीय. ताईच्या नवऱ्याच्या हातात तर पहिल्याच भेटीला बादली दिली होती, आणि तो बिचारा कोऱ्या बुटांत गुपचूप खाली गेला होता. ताई अजून ऐकवते, "माझ्या नवऱ्याला तुम्ही जावई मानलंत की मजूर?"

पण गोल गोटे एकमेकांना धरत नाहीत. चाक आलं की उडतात, खड्डा पुन्हा उघडा. धाकट्यानं मोबाईलवर बघून बघून हे शिकून घेतलं होतं. खड्डा भरायचा तर आधी खणायचा, तळ मोकळा करायचा, मग क्रशरची कोनदार खडी आणि तिचा चुरा, म्हणजे कच, पाणी मारून थराथरानं ठोकायची. कळत होतं सगळं. पण बाबांसमोर ते गोटे बाहेर काढायचे कसे, इथं गाडी अडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं मागवलेला खडीचा टिपर आला.

"कुठं ओतू?" टिपरवाल्यानं खिडकीतून विचारलं.

"जरा जरा सोडत जाता येईल का?"

"साहेब, मागची झडप बिघडलीय. पडली तर सगळी पडणार. फाटकात पाडू?"

फाटकात ढीग म्हणजे गाडी आतच येणार नाही. "नको नको, वर चढाच्या कडेला पाडा."

ढीग पडला, धूळ बसली, आणि धाकट्यानं चढाखालच्या पहिल्या खड्ड्यात पहार घातली. गोटे बाहेर फेकायला लागला. चार घमेली निघाली नसतील तोच वरून आवाज आला.

"काय चाललंय तिथं?"

बाबा काठी टेकत चढाच्या तोंडापर्यंत आले होते. पायात चप्पल एकच.

"बाबा, तुम्ही आत जा बरं."

"गोटे का उपसतोयस?"

"नीट भरायचाय म्हणून."

"उद्या ती बाई येणार आणि तू आज आहे तो रस्ता फोडतोयस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"फोडल्याशिवाय बसणार नाही ते. तुमचे गोटे टिकतात का सांगा."

बाबांनी काठीच्या टोकानं पायाशी पडलेला एक गोटा उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाले, "तुला भीती वाटली की तू कामाला लागतोस. लहानपणापासून." आणि वळून आत गेले.

हे त्याला लागलं. पण लागलं म्हणून थांबायला वेळ कुठं होता! खणायचं, झाडायचं, खडी, कच, पाणी, मग ठोकायची जड धुमस. धप्, धप्, धप्. हाताला फोड आले, फुटले, त्यावर फडकं बांधलं. दुपार उलटली तेव्हा शेवटचा खड्डा बसला. त्यावर तो उड्या मारून बघत होता, टाच घासून बघत होता. एक दाणा हलत नव्हता. जमलं होतं.

खरं तर इथं फावडं ठेवायला हवं होतं.

पण ढीग अजून बराच शिल्लक होता, आणि चढ त्याला बोडका दिसायला लागला. वर्षानुवर्षं चाकं फिरून तिथली जमीन दगडासारखी झाली होती. खड्डा नाही, काही नाही. नुसती काळपट, जुनाट. मॅडमना काय वाटेल? खाली एवढं केलं आणि नेमकं घरासमोर असं? दोन घमेली टाकू म्हणाला. ती टाकल्यावर उरलेलं आणखीच बोडकं दिसायला लागलं. मग अजून टाकली. उजेड जाईपर्यंत सगळा चढ जाड, एकसारख्या करड्या खडीनं झाकून गेला. कच संपली होती, पाणी मारायचं राहिलं, धुमस उचलायची ताकद नव्हती. पण दिसत होता काय झकास!

सकाळी बाबा पिशवी घेऊन पायरीवर बसले. धाकटा वळणावर उभा. गाडी फाटकातून आत आली. पहिला खड्डा गेला, आवाज नाही. त्याच्या पुढचा, आवाज नाही. ड्रायव्हरनं खिडकीतून अंगठा दाखवला. शेजारी मॅडम बसल्या होत्या, चष्मा, मांडीवर पर्स, चेहऱ्यावर काहीही नाही.

गाडी चढाला लागली. आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

खर्रर्र. खडी मागं उडाली. ड्रायव्हरनं रेस दिली, गाडी वर जायच्या ऐवजी खाली बसली. अजून रेस, अजून खाली. शेवटी त्यानं इंजिन बंद केलं आणि उतरून चाकाकडे बघत राहिला.

"अरे, परवापर्यंत मी हा चढ एका दमात चढत होतो!"

"वाटलं… चांगलं दिसेल…"

"चांगलं होतं तेवढं एकच होतं रे या रस्त्यात! तेही बघवलं नाही तुला?"

मॅडम उतरल्या, घड्याळाकडे बघितलं. "यांचं मशीन लावून ठेवलंय. उशीर झाला तर पुढचा पेशंट बसवावा लागेल." आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचंच धाकट्याला जास्त भय वाटलं. म्हणजे रस्ता राहिला बाजूला, आजचं डायलिसिसच हुकणार? बाबांचे पाय आत्ताच सुजलेले होते.

"खडी खाली ओढ!" वरून बाबा ओरडले. ते पायरीवरून उठले होते. "तिथं काय उभा राहिलास? जुनी जमीन आहे खाली. ती उघडी कर!"

"सगळी?"

"चाकाच्या दोन वाटा! चाकं सगळ्या रस्त्यावरून जातात का रे?"

तो फावडं घेऊन वाकला आणि ओढत सुटला. कालची सगळी मेहनत कडेच्या गवतात. ड्रायव्हरनं शिव्या देत देत चाकाखालची खडी हातानं उपसली. मॅडमनी पर्स सीटवर टाकली, साडी खोचली आणि धुमसीशेजारी पडलेलं घमेलं उचललं. "मी भरून टाकते, तू ओढ." खालून ती काळपट, जुनाट जमीन दिसायला लागली. इतकी सुंदर जमीन धाकट्यानं आयुष्यात बघितली नव्हती.

ड्रायव्हरनं गाडी वळणापर्यंत मागं घेतली, दम घेतला आणि सोडली. मागचं चाक एकदा घसरलं, धाकट्यानं डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी पायरीशी होती.

बाबांना चढवताना मॅडम म्हणाल्या, "तुम्ही आज पुढं बसा. तुमच्या जागेवर मी बसते, किती धक्के बसतात बघू."

गाडी उतरायला लागली. धाकटा मागून चालत, मग पळत. काचेतून मॅडम दिसत होत्या, दोन्ही हात मांडीवर, डोळे मिटलेले. खड्ड्यांच्या जागा एकामागून एक गेल्या. त्यांची मान हलली, पण झोपाळ्यावर हलावी तेवढीच. फाटकाशी गाडी थांबली. का थांबली?

मॅडमनी काच खाली केली. "गाडी वरपर्यंत येईल."

"हो?"

"खालचं काम चांगलं केलंयस. चढाला मात्र हात लावायचा नाही. आवडला नाही तरी."

"नाही लावणार. नक्की नाही."

"लावेल," बाबा पुढून म्हणाले. "मी घरी आहे ना, बघतो कसा लावतो ते."

गाडी डांबरी रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली. धाकटा फाटकाच्या दगडावर बसला, फडकं बांधलेल्या हातानं कसाबसा फोन काढला.

"ताई, गाडी येणार वरपर्यंत. बाबा इथंच राहतील."

रस्त्यावरून कोणाची तरी सायकल गेली.

"बरं," ताई म्हणाली. आवाज जड होता. मग नाक ओढल्याचं ऐकू आलं. "आणि तू? कालपासून काही खाल्लंयस का?"

त्यानं आठवून बघितलं. आठवेना.