राणीचे ओठ

शारदाबाईंनी खुर्ची उचलून टीव्हीकडे पाठ करून ठेवली आणि मेथी निवडायला घेतली.

"आई, अकरा मिनिटांचं तर आहे," केतकी म्हणाली. "तिच्या सिनेमांतला एवढाच तुकडा सापडलाय. तुझी सख्खी आजी आहे गं ती."

"असेल. तू बघ."

केतकीने लेकीकडे पाहिलं. चौदा वर्षांच्या शर्वाणीने खांदे उडवले. इंग्लंडमधल्या ओंगार गावी केतकीच्या घरात आजी सहा महिन्यांसाठी आली होती आणि तिचा एवढा हट्ट कुणी पाहिला नव्हता.

हट्ट जुना होता. यमुनाबाई, म्हणजे पडद्यावरची मिस मंजुळा. सात वर्षांत एकोणीस मूकपट. कधी राणी झाली, कधी जोगीण, दोनदा घोड्यावर बसून तलवारही चालवली. मग बोलपट आले, तिचा आवाज कुणाच्या पसंतीला उतरेना आणि कामं संपली. पुढे तिचं काय झालं हे घरच्यांनी विचारलंही नाही. दोन वर्षांची बकुळ सांगलीला टाकून ती सिनेमा कंपनीत गेली, त्याच दिवशी ती त्यांच्या लेखी मेली होती.

ती बकुळ म्हणजे शारदाबाईंची आई. नव्वद वर्षं जगली, पण थिएटरची पायरी कधी चढली नाही. शेवटच्या आजारपणात मात्र एकदा म्हणाली, "शारदे, तिला माझी आठवण येत असेल का गं?" त्या प्रश्नासाठी शारदाबाईंनी आजीला कधी माफ केलं नाही, आणि माफ न करण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता.

"ओ माय गॉड, आजी!" शर्वाणी ओरडली. "शी'ज द इमेज ऑफ यू!"

पंचाहत्तराव्या वर्षीसुद्धा असं काही कानावर पडलं की माणूस वळून बघतंच. शारदाबाई वळल्या.

पडद्यावर राणीला राज्याबाहेर हाकललं होतं. कापडाचं गाठोडं बाळ म्हणून मांडीवर घेऊन ती झाडाखाली बसली होती. कपाळ शारदाबाईंचंच होतं, हनुवटीही. राणीचे ओठ हलले. मग काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं आली: 'राजपुत्रा, धीर धर. देव आपला पाठीराखा आहे.'

"धीर म्हणजे काय, मम्मा?"

"पेशन्स," केतकी म्हणाली. "तिच्या बाळाला सांगतेय, धीर धर म्हणून."

"नाही," शारदाबाई म्हणाल्या.

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"ती हे म्हणत नाहीये. मागे घे बाळा जरा."

शारदाबाईंनी पुण्याला कर्णबधिर मुलांच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं होतं. ओठ वाचायला शिकवणं हेच त्यांचं काम. एकदा बघून सांगायचं नाही, हा त्यांचा वर्गातला नियम होता. तो त्यांनी आताही पाळला. शर्वाणीने चारदा मागे घेतलं. तिसऱ्यांदा मेथीची ताटली मांडीवरून घसरली, पाला गालिचाभर झाला, पण शारदाबाईंनी खाली पाहिलं नाही.

"काय म्हणतेय, आई?"

शारदाबाईंनी पडद्यावरून नजर न काढता सांगितलं.

"'बकुळे, जेवलीस का गं?'"



"त्या काळी काहीही बोलायचे म्हणे कॅमेऱ्यापुढे," केतकी हळूच म्हणाली. "आवाज येणारच नव्हता ना. रडू यावं म्हणून आपल्या मनातलं..." ती मध्येच थांबली. समोर आई रडत होती, पदरही न लावता.

शारदाबाई उठल्या, टीव्हीजवळ गेल्या. राणी अजून गाठोड्यावर वाकलेली होती.

"जेवली हो," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवशीसुद्धा चार घास वरणभात खाल्ला तिने. माझ्या हातचा."

राणी झाडामागे निघून गेली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी शर्वाणीने रिमोट उचलला आणि तिला परत आणलं.