द्राक्षमळ्यातली विमानं

नंदूभाऊजींचा फोन ठेवला तेव्हा गॅसवर पोहे होते. बाबा, म्हणजे माझे सासरे, नागपुरात चहा पिता पिता गेले. मी गॅस बंद केला, पोह्यांवर झाकण ठेवलं. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. इथे अमेरिकेत, नोव्हायमध्ये, शनिवारची सकाळ होती आणि शेजारी कुणीतरी यंत्राने पाचोळा उडवत होतं.

"प्रथमेशला नुसतं सीरियस आहेत म्हणून सांगा, वहिनी," भाऊजी म्हणाले होते. "एकटा आहे तिकडे फ्रान्समध्ये, गाडी ड्राइव्ह करायचीय. घरी आला की आम्ही बघतो."

आमच्याकडची ही रीतच. माझी आई गेली तेव्हा माझ्या नवऱ्याने, प्रथमेशनेही मला असंच सांगितलं होतं. मी तिच्यासाठी मऊ गाऊन घेतला, गुडघ्याचं मलम घेतलं, आणि पुण्यात माहेरच्या दारासमोर चपलांचा ढीग बघून समजले. नंतर कितीतरी दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. आपण असं कुणाशी करायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं होतं.

तेवढ्यात त्याचाच व्हिडिओ कॉल आला. ऑफिसच्या कामाला फ्रान्सला गेलेला हा माणूस सुट्टीला आराम करेल तर शपथ. कुठल्याशा किल्ल्यातल्या संग्रहालयात जाऊन पोचला होता.

"शरयू, बघ, द्राक्षांच्या मळ्यात फायटर विमानं. पार्किंग लॉटमधल्या गाड्यांसारखी लावलीत, यार."

खरंच होती. पंखांवर शेवाळ, चाकं गवतात रुतलेली, मागे किल्ल्याचे टोकदार बुरूज.

"आणि वरच्या मजल्यावर नुसत्या मोटरसायकली. बाबांच्या जावासारखी एक आहे. फोटो पाठवलाय त्यांना. अजून बघितला नाही. देवळात गेले असतील, फोन घरी ठेवून."

मी नुसतं हं म्हटलं. तो एकेक विमान दाखवत राहिला आणि मी बघत राहिले. खरं तेच सांगायचं, मी मनात घोकत होते.

"तिथे बाक आहे का?" मी विचारलं. "बस जरा."

तो बसला.

"बाबा सीरियस आहेत." तोंडातून तेच निघालं. मला माझीच चीड आली.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुझी आई होती तशी सीरियस?"

"हो."

फोन त्याच्या मांडीवर गेला असावा. स्क्रीनवर आभाळ आणि एका पंखाचं टोक, एवढंच. तिकीट मी बघते, म्हणाले. मग त्याचा चेहरा परत स्क्रीनवर आला.

"वरचा मजला अर्धा राहिलाय," तो म्हणाला. "बाबा म्हणाले होते, सगळ्या बघून ये."

"चल," मी म्हटलं.

तो जिना चढला. मग आम्ही दोघांनी उरलेल्या सगळ्या मोटरसायकली बघितल्या.